दहा गुंठ्यांतली शेळी: आधी पाला, मग जनावर

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मुळशी, भोर, वाई, कर्जत, मुरबाड या तालुक्यांत दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा घेऊन तिथे घर बांधणारी कुटुंबे आता गावोगावी दिसतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना कोंबड्यांपाठोपाठ शेळी हवी असते. त्याच गावांत वाटण्या होत होत पंधरा-वीस गुंठ्यांवर आलेली मूळची शेतकरी कुटुंबेही आहेत, ज्यांच्या दारात दोन-तीन शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आहेत. दोघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी जागा तेवढीच आहे, त्यामुळे लहान चणीची आणि कमी खाणारी शेळी दोघांनाही सोयीची वाटते. ही ओढ हेरून आठवडी बाजारांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘मिनी बकरी’ या नावाने जनावरे विकली जाऊ लागली आहेत. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावरही लोक माझ्याकडे अशा शेळ्या घेऊन येतात आणि बहुतेकांची अडचण जनावर विकत घेतल्यानंतर सुरू झालेली असते. ती आधीच टळावी आणि ज्या दोन-तीन शेळ्यांच्या मालकाला मोठ्या योजनांत जागा नाही त्याच्याकडे शासनाचे लक्ष जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुळातच ठेंगण्या असलेल्या शेळ्यांच्या जाती जगात आहेत. अमेरिकेत आणि युरोपात हौसेने पाळल्या जाणाऱ्या पिग्मी आणि नायजेरियन ड्वार्फ या दोन्ही जातींचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या ठेंगण्या शेळ्यांत आहे. तिथून किंवा अन्य कोणत्याही देशातून जिवंत शेळी भारतात आणायची तर केंद्र शासनाचा परवाना आणि विलगीकरण लागते, त्यामुळे बाजारात उभ्या असलेल्या जनावराला कोणी परदेशी पिग्मी म्हणत असेल तर त्याच्याकडे कागद मागावा. आपल्या देशातली खरी लहान शेळी म्हणजे बंगाल, बिहार, झारखंड, ओडिशा या पट्ट्यातली ब्लॅक बेंगॉल. तिची मादी साधारण वीस किलोच्या आसपास भरते, ती लवकर गाभण राहते आणि जुळी, कधी तिळी करडे देते. तिचे मांस आणि कातडे दोन्ही नावाजलेले आहे. मात्र तिला दूध बेताचे असते, त्यामुळे तिळ्यांतले तिसरे करडू बाटलीने पाजून जगवावे लागते, आणि ही गोष्ट विकणारा सांगत नाही.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या नोंदणीकृत जाती चार आहेत: मराठवाड्याची उस्मानाबादी, अहिल्यानगर-नाशिक-पुणे भागातली संगमनेरी, विदर्भातली बेरारी आणि सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. यांतली एकही ठेंगणी नाही. उस्मानाबादी मादी साधारण ३० ते ३५ किलोची असते, म्हणजे जमनापारी किंवा बीटल या उत्तरेकडच्या उंच शेळ्यांपुढे आटोपशीरच. पठारी भागातल्या छोट्या जागेसाठी मी नेहमी उस्मानाबादी किंवा गावातलीच धडधाकट गावरान शेळी सुचवतो आणि कोकणात कन्याळ. काळ्या अंगाची, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन पांढरे पट्टे असलेली आणि कानांना पांढरी किनार असलेली ही शेळी कोकणच्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. वीस किलोच्या शेळीपेक्षा तीस किलोची शेळी दिवसाला थोडे जास्त खाते हे खरे, पण ती इथल्या हवेत, इथल्या पाल्यावर आणि इथल्या रोगांत तगते, तिला जोडीचा बोकड जवळपास मिळतो आणि विकायची वेळ आली तर तिची किंमत बाजारात सगळ्यांना कळते. लहान जनावराचे मोल मी कमी लेखत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळे या चिमुकल्या मेंढीतला जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, हे मेंढपाळांना ठाऊक आहे. परंतु त्या कामामागे अनेक वर्षांची निवड आणि काटेकोर नोंदी होत्या. बाजारातून उचललेल्या जनावरामागे तसे काही नसते.

‘मिनी’ म्हणून विकली जाणारी जनावरे बहुतेक वेळा कोणत्याही लहान जातीची नसतात. काही नुसती दोन-तीन महिन्यांची, आईपासून फार लवकर तोडलेली करडे असतात, जी वर्षभरात सामान्य शेळीएवढी होतात. बाकीची खुरटलेली असतात, म्हणजे जन्मल्यावर चीक न मिळालेली, जंतांनी पोखरलेली किंवा एकाच कळपातल्या जवळच्या नात्यांतून पैदा झालेली. ओळखायचे असेल तर शेळीचे तोंड उघडून खालच्या जबड्याचे पुढचे दात पाहावेत. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. आठही बारीक दुधाचे दात असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतले आहे आणि ते अजून वाढणार आहे. मधले दोन रुंद दात आलेले असतील तर ते सव्वा वर्षाच्या पुढे-मागे आहे, चार असतील तर दोन वर्षांच्या आसपास. दात चार आणि अंग मात्र करडाएवढे, त्यात पोट घागरीसारखे, मागचे पुठ्ठे खोल गेलेले आणि केस राठ व उभे राहिलेले, असे जनावर दिसले तर ते खुरटलेले आहे असे समजावे. अशी पाट, म्हणजे तरुण मादी, गाभण राहिली तर तिच्या अरुंद कमरेतून करडू बाहेर यायला अडते आणि अनेकदा दोन्ही जिवांवर बेतते. चाकण किंवा लोणंदच्या बाजारात पिढ्यांचे जाणकार असतात. त्यांतल्या एखाद्याला बरोबर नेण्यात कमीपणा मानू नये. शक्य असेल तर बाजारातून न घेता ओळखीच्या गोठ्यातून, आई डोळ्यांनी पाहून पाट घ्यावी. बाजारातून आणलीच तर तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळी बांधावी, कारण बाजारात एका दिवसात अनेक गावांच्या शेळ्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावतात.

एकटी शेळी कधीही आणू नये. शेळी कळपातले जनावर आहे. एकटी ठेवली तर ती दिवसभर ओरडते, खाणे सोडते आणि शेजारीही त्रासतात. किमान दोन माद्या असाव्यात, आणि दहा गुंठ्यांत तीनच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे.

तीनच का, हे चाऱ्याच्या हिशेबातून कळते. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण तीन किलो हिरवा पाला, अर्धा ते एक किलो सुका चारा, म्हणजे तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, भुईमुगाचा वाळला पाला असे काही, आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास खुराक लागतो. तीन शेळ्यांना दिवसाला नऊ किलो धरले तर वर्षाला ३,२८५ किलो, म्हणजे सव्वातीन टनांहून अधिक हिरवा पाला झाला. हा पाला आकाशातून पडत नाही. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. जागा चौकोनी असेल तर एक बाजू साधारण १०४ फूट आणि चारी बाजू मिळून ४१७ फुटांची हद्द. त्या हद्दीवर तीन-तीन फुटांवर झाड लावले तर १३९ झाडे बसतात. हादगा, शेवरी, सुबाभूळ, तुती आणि गिरिपुष्प यांची मिश्र रांग लावून ती कमरेएवढ्या उंचीवर पुन्हा पुन्हा छाटत गेले तर पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत पाल्याची चणचण पडत नाही. पाण्याची सोय असेल तर एखाद्या गुंठ्यात ‘फुले जयवंत’सारखे संकरित नेपिअर आणि थोडा लसूणघास घ्यावा. उन्हाळ्यासाठी सुका चारा मात्र सुगीतच विकत घेऊन छपराखाली ठेवावा लागतो, कारण एप्रिलमध्ये त्याचे भाव चढतात. ही रांग लावून हाताशी यायला एक पावसाळा तरी जातो, म्हणूनच यंदाच्या जूनमध्ये झाडे लावावीत आणि शेळी पुढच्या वर्षी आणावी, असा सल्ला मी देत आलो आहे. तो ऐकणाऱ्यांपैकी कोणी मला मे महिन्यात घाईघाईने फोन केल्याचे आठवत नाही.

पाल्यातही तारतम्य हवे. सुबाभळीत मायमोसिन नावाचे द्रव्य असते. नुसती तीच खाऊ घातली तर केस झडतात आणि गळ्याची ग्रंथी वाढते, म्हणून एकूण हिरव्या चाऱ्यात ती तिसऱ्या हिश्शाच्या पुढे नसावी. ज्वारीचे कोवळे किंवा पावसाअभावी खुंटलेले धाट विषारी असते आणि त्याने काही तासांत जनावर जाते, हे शेतकऱ्यांना माहीत आहे, नव्याने आलेल्यांना नसते. त्यांच्या बागांत शोभेची म्हणून लावलेली कण्हेर तर सर्वांत धोक्याची आहे. कुंपणाची छाटणी करणारा माळी फांद्या शेळ्यांच्या पुढ्यात टाकतो आणि वाळलेल्या पानांतही तिचे विष तसेच राहते. घाणेरी खाल्ली की कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. शिवाय सुटीत आलेले पाहुणे प्रेमाने शिळा भात, पोळ्या, लग्नातले उरलेले अन्न समोर ठेवतात. शेळीच्या पोटात एवढे पिष्ट एकदम गेले की आम्लता वाढून ती आडवी होते. पाहुण्यांना पाल्याची जुडी हातात द्यावी आणि बाकी सर्व गोष्टींना नम्रपणे नकार द्यावा.

शेळी बांधून ठेवून तिला पाला आणून द्यायचा, की मोकळी सोडायची, यावर गावोगाव वाद होतात. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे केले, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे आणि त्यामुळे शेळीला झाडांचा शत्रू समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. हा दोष शेळीचा नाही. ती जमिनीवरच्या गवतापेक्षा डोक्याच्या उंचीवरचा पाला पसंत करते, मागच्या पायांवर उभी राहून कोवळे शेंडे ओढते आणि हाताशी काहीच नसले की साल सोलते. शेजाऱ्याचे दोन वर्षांचे आंब्याचे कलम तिने एकदा सोलले की त्या वर्षाची मैत्री संपली. भूमिहीन माणसाला गायरानाशिवाय पर्याय नसतो आणि त्याच्या शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते खोटे नाही. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे दहा गुंठे आहेत त्याने गावाच्या सामाईक कुरणावर आपली शेळी सोडू नये, असे मी स्पष्टपणे म्हणतो. नव्याने आलेल्या कुटुंबाने तर नाहीच. आवारातच एखादा मोकळा कप्पा चार-साडेचार फूट उंच जाळीने बंद करून तिथे तिला फिरू द्यावे. जाळीचे चौकोन बारीक असावेत, कारण मोठ्या चौकोनात शेळी शिंगांसकट डोके घालते आणि मागे ओढताना अडकते. दोरीने खुंट्याला बांधून दिवसभर एकटी सोडणे हे तिच्या गळफासाचे आणि कुत्र्यांच्या हल्ल्याचे निमित्त ठरते.

गोठ्याला मोठ्या खर्चाची गरज नाही, पण चुकीच्या जागी केलेला गोठा जन्मभर त्रास देतो. मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पाण्याचा निचरा उताराकडे असावा आणि पावसाची झड ज्या बाजूने येते ती बाजू आडोशाने बंद व्हावी. वारा मात्र कोंडू नये, कारण कोंदट गोठ्यातल्या लघवीच्या उग्र वासाने करडांना न्यूमोनिया होतो. जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या कोकणात आणि घाटमाथ्यावर जमिनीवरचा गोठा पावसाळाभर ओलाच राहतो, खुरे सडतात, शेळ्या लंगडू लागतात. तिथे जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीवर लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्यांचा माच करावा आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभरच फट ठेवावी: लेंडी खाली पडली पाहिजे, करडाचा खूर अडकता कामा नये. खाली साठणारे लेंडीखत भाजीपाल्याला आणि आंब्याच्या आळ्यांना उत्तम, आणि दोन-तीन शेळ्यांच्या मालकाला वर्षाकाठी मिळणारा हा सर्वांत खात्रीचा लाभ आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून मुळशी-भोरपर्यंत बिबट्याचा वावर आहे. तिथे रात्रीचा गोठा चारी बाजूंनीच नव्हे तर वरूनही मजबूत जाळीने बंद असावा, कारण बिबट्या भिंत चढून कौलातून उतरतो. असा प्रसंग ओढवला तर मृत जनावर हलवू नये, लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, तरच भरपाई मिळते.

माझ्या नोकरीत मी बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त शेळ्या पोटातल्या जंतांनी मेलेल्या पाहिल्या. पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहणारा एक बारीक गोलकृमी रक्त शोषतो. एकेका शेळीत तो हजारोंनी असतो, आणि लहान अंगाच्या शेळीत मुळात रक्तच कमी असल्याने ती लवकर खचते. हे बाहेरून ओळखता येते. शेळीचे डोके आपल्या कुशीत धरून अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढावी आणि आतला पडदा उजेडात पाहावा. तो लालसर गुलाबी असेल तर चिंता नाही. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवावे. कागदासारखा पांढरा दिसला, आणि त्यातच जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असली, तर त्याच दिवशी औषध आणि डॉक्टर दोन्ही हवेत. पावसाळ्यात दर पंधरवड्याला प्रत्येक शेळीची पापणी पाहायला तीन शेळ्यांच्या मालकाला दहा मिनिटेही लागत नाहीत. शंभर शेळ्यांच्या मालकाला जे जमणे अवघड ते इथे सहज जमते, ही छोट्या गोठ्याची मोठी जमेची बाजू आहे. उलट दर महिन्याला सगळ्यांनाच जंतनाशक पाजत राहिले तर जंत त्या औषधाला सरावतात आणि पुढे ते कामच करत नाही. या जंतांच्या अळ्या दव पडलेल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. म्हणून सकाळी दव ओसरल्यावरच शेळी गवतात सोडावी. जमिनीपासून उंचावर छाटलेल्या पाल्यावर त्या पोचत नाहीत, हे कुंपणाच्या झाडांचे दुसरे मोठे कारण.

आता लसीकरणाविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. पीपीआर, ज्याला शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणतात, हा रोग भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा आढळला. ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, तोंडात व्रण आणि मग हगवण लागून कळपच्या कळप त्यात गेले आहेत. जगातून हा रोग २०३० पर्यंत हद्दपार करण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे आणि आपल्याकडे त्याची चांगली लस आहे, जी एकदा टोचली की साधारण तीन वर्षे संरक्षण देते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी द्यावी लागते, कारण पहिल्या पावसानंतरचे कोवळे लुसलुशीत गवत पोटभर खाल्लेली धडधाकट शेळी त्या रोगाने रात्रीत मरते. लस उपलब्ध असताना ती दोन शेळ्यांपर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर बाटलीत आहे. पीपीआरची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि एका बाटलीत पंचवीस, पन्नास किंवा शंभर मात्रा असतात. ती द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवून काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. दोन शेळ्यांसाठी बाटली फोडायला दवाखान्यातला कर्मचारी कचरतो आणि त्याच्या जागी मी असलो तरी कचरलो असतो. परिणामी मोठ्या कळपांना लस मिळते आणि वाडीवस्तीवरच्या विखुरलेल्या दोन-दोन, तीन-तीन शेळ्या तशाच राहतात. राज्यातल्या शेळ्यांचा मोठा भाग अशाच लहान दावणींवर आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्यांची नोंद झाली. या विखुरलेल्या जनावरांना वगळून रोग हद्दपार होणार नाही.

दुसरी अडचण बोकडाची. दोन माद्यांसाठी बोकड पाळणे परवडत नाही. तो खातो जास्त, माजाच्या दिवसांत त्याचा उग्र वास दुधालाही लागतो आणि त्याला वेगळा, भक्कम कप्पा लागतो. त्यामुळे लोक काय करतात, तर घरातच जन्मलेले नर करडू मोठे होऊ देतात. ते चार-पाच महिन्यांचे झाले की आपल्या आईला आणि बहिणीला लागते, आणि दोन-तीन पिढ्यांत तीच खुरटी, अशक्त, कधी व्यंग असलेली करडे जन्माला येतात, ज्यांतली काही पुढे ‘मिनी’ म्हणून विकली जातात. नर करडे तीन महिन्यांची होताच वेगळी करावीत किंवा पशुवैद्यकाकडून त्यांचे खच्चीकरण करून घ्यावे. परंतु मग माद्या भरवायच्या कुठे? शेळी माजावर आल्याचे कळल्यापासून हाताशी दीड-दोन दिवस असतात. तेवढ्यात चांगला बोकड सापडला नाही तर तीन आठवडे थांबावे लागते. गायी-म्हशींचे कृत्रिम रेतन आज गावोगाव पोचले आहे, शेळ्यांचे तसे पोचलेले नाही. साताऱ्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने गावातल्या महिलांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण देऊन हे काम दारोदार नेले आहे, म्हणजे ते होऊ शकते.

शासनाच्या योजना पाहिल्या तर दोन-तीन शेळ्यांचा मालक कुठेच दिसत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात उद्योजकतेसाठी मिळणारे पन्नास टक्के भांडवली अनुदान १०० शेळ्या आणि ५ बोकड यांच्यापासून सुरू होते आणि ५०० अधिक २५ पर्यंत जाते. राज्याच्या गट वाटप योजनेचा घटकही १० शेळ्या आणि १ बोकड असा आहे. या योजना वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्याच्याकडे जमीन, पाणी, मजूर आणि बाजार आहे त्याने त्या जरूर घ्याव्यात. पण दहा गुंठेवाल्याला दहा शेळ्या दिल्या तर पहिल्याच उन्हाळ्यात तो चाऱ्याअभावी त्यांतल्या सहा विकतो आणि उरलेल्या चार गायरानावर सोडतो. त्याला अनुदान नको आहे. त्याला लस, बोकड आणि झाडांची रोपे हवी आहेत. पशुसंवर्धन विभागाने आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव लावणाऱ्या मेंढी व शेळी विकास महामंडळाने पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून वाडीवस्तीवरच्या सर्व शेळ्या एका ठिकाणी आणाव्यात, म्हणजे पन्नास मात्रांची बाटली एका तासात संपेल आणि कानात बिल्ला मारण्याचे कामही त्याच दिवशी होईल. उमेद या ग्रामीण बचत गटांच्या अभियानातल्या पशुसखी, म्हणजे गावातल्याच जनावरांची प्राथमिक काळजी शिकलेल्या महिला, हे गोळा करण्याचे काम कोणाहीपेक्षा चांगले करतील, कारण दावणीवरच्या शेळ्या खऱ्या अर्थाने सांभाळतात त्या घरातल्या बायकाच, आणि त्यांच्यापर्यंत पशुसखीच पोचते. तीन-चार गावांमागे एक नोंद असलेला, परक्या रक्ताचा जातिवंत बोकड एखाद्या बचत गटाकडे द्यावा, दर दोन वर्षांनी तो दुसऱ्या गटाच्या बोकडाशी बदलावा आणि लावणीचे माफक शुल्क त्या गटाला मिळावे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत हादगा, शेवरी आणि तुतीची रोपे जूनमध्ये मुबलक असावीत, हेही फार अवघड नाही.

शहरातून आलेल्या कुटुंबांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत आणि घेणाऱ्यांनाही तिचा विचार करायला आवडत नाही. शेळी पाच महिन्यांनी विते आणि जन्मणाऱ्या करडांतली साधारण निम्मी नर असतात. ते नर पुढे कुठे जाणार हे पहिली शेळी आणण्याआधी घरात बसून ठरवावे. वाढवून विकायचे असतील तर ते खाटकाकडे जाणार, हे मुलांपासून लपवू नये. ते मान्य नसेल तर माद्या भरवूच नयेत आणि खताच्या व सोबतीच्या लाभावर समाधान मानावे. दोन्ही निर्णय सारखेच प्रामाणिक आहेत. प्रामाणिक नाही ते म्हणजे करडे गोंडस असेपर्यंत ठेवणे आणि सहा महिन्यांनी ती गावातल्या कोणाच्या तरी गळ्यात मारणे किंवा घाटात सोडून देणे. असे सोडलेले बोकड मी पाहिले आहेत. चारा नसताना ते दोन दिवस रस्त्याच्या कडेने हिंडतात आणि नंतर सापडत नाहीत.

दुधासाठी शेळी ठेवणाऱ्यांनी दूध नेहमी उकळूनच प्यावे आणि गाभडलेल्या, म्हणजे अकाली गर्भ पडलेल्या, शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये, कारण शेळीपासून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस हा रोग दीर्घकाळ ताप आणि सांधेदुखी देतो. गाभडलेली वार हातमोजे घालून खोल पुरावी आणि शेळीचे रक्त तपासून घ्यावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. आपल्या कृषी पानावर शेकडो शेळ्यांच्या यशोगाथा नियमित येतात आणि त्या वाचनीय असतात. त्यांच्या शेजारी दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात तालुकावार पशुवैद्यकीय दवाखान्यांचे लसीकरणाचे दिवस आणि फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक छापावा, तसेच पापणी पाहून जंत ओळखण्याचे एक रंगीत चित्र द्यावे, जे कापून गोठ्याच्या खांबाला चिकटवता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. भोर, जि. पुणे